न वाळलेला थर

तोच रॉड दुसऱ्यांदा घासायला बसली, तेव्हा तिने घरात कोणाशीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण आत्याशी भांडायचं तर बोलावंच लागतं, म्हणून तो बेत चहाच्या आतच बारगळला.

"हात लावला नाहीस म्हणतेस, मग हा खळगा काय आपोआप पडला?"

"मला काय हौस आहे गं तुमच्या काठ्यांना हात लावायची?" आत्या म्हणाली. "मासा मला ताटातसुद्धा चालत नाही."

घरामागच्या खोलीत बाप-लेक हाताने मासेमारीचे रॉड बनवत. रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोर जातो, त्या रंगीत दोऱ्याच्या वेढ्यांनी घट्ट बांधायच्या आणि त्या वेढ्यांवर एपॉक्सीचा पारदर्शक थर द्यायचा. राळ आणि ती घट्ट करणारं हार्डनर अगदी समसमान घ्यायचं, बुडबुडे येऊ न देता हळूहळू ढवळायचं, बारीक ब्रशने लावायचं. मग थर एका बाजूला ओघळू नये म्हणून रॉड छोट्या मोटरवर, रवंथ करणाऱ्या म्हशीच्या सावकाशीने, फिरत ठेवायचा. आणि पुढचा पूर्ण दिवस त्याच्या वाटेला कोणीही जायचं नाही. बस, एवढंच. पण एवढंच या घराला जमत नव्हतं. दोनदा तिने आरशासारखा थर दिला आणि दोनदा सकाळी बाबांनी वेढ्यांवरून अंगठा फिरवत जाहीर केलं, "खळगा आहे. फिनिशिंग तुला जमत नाही."

बाबांनी तोंडावर सांगितलं होतं, की दातांच्या डॉक्टरांचा हा रॉड निर्दोष उतरला तर खोली आणि काम तिचं. नाही उतरला तर खोली त्यांच्या पुतण्याला, त्याच्या दुकानाच्या फरशा ठेवायला. पुतण्या टेप घेऊन मापंही काढून गेला होता. "ताई, काळजी करू नकोस, एक कोपरा तुला ठेवीन," असं वर म्हणाला होता. तो कोपरा आठवला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वीस वर्षं ती या खोलीत दोरा गुंडाळत होती. कोपरा द्यायला हा कोण?

म्हणून या खेपेला तिने खोलीसाठी कुलूप आणलं होतं. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी बाबांकडे. आता खळगा पडला तर बघतेच, असं ती भिंतीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

जुना थर घासून, पुसून तिने नवा दिला. मन लावून दिला. मोटर सुरू केली, कुलूप लावलं आणि हात धुवायला घरात गेली. साबण लावल्यावर आठवलं, चष्मा तिथेच राहिला. चरफडत परत आली, तर दार उघडं.

बाबा आत होते. त्यांनी मोटर बंद केली होती आणि रॉडवर इतके वाकले होते, की नाक वेढ्यांना टेकेल. बघत मात्र तिसरीकडेच होते, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने. मग त्यांनी अंगठा उचलला आणि नुकत्याच दिलेल्या, मधासारख्या ओल्या थरावर दाबून बघितला.

"छान वाळलंय," ते स्वतःशीच म्हणाले.

ती ओरडणार होती. ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण त्या "वाळलंय"ने तिचं तोंड तसंच राहिलं. ओलं त्यांना दिसत नव्हतं, आणि आयुष्यभर दोरे ओढून राठ झालेल्या अंगठ्याला ते कळतही नव्हतं.

"बाबा, अंगठा बघू."

"का?"

तिने तो धरला. चिकट होता. "हे काय आहे?"

"आधीचं असेल."

"माझ्या ओढणीचा रंग कोणता?"

"तुझ्या ओढण्या बघत बसायला मला वेळ नाही!"

"कधीपासून दिसत नाही, बाबा?"

बाबा स्टूल चाचपून बसले. तिने धुसफुसत मोटर सुरू केली, ब्रश घेतला आणि थर ओला आहे तोवर अंगठ्याचा खळगा भरून सारखा करू लागली. राग आवरत नव्हता. डोळे जातात हे एक वेळ समजू शकतं. पण ते लपवायला पोरीला दोनदा नालायक ठरवायचं? भांडावं म्हटलं, तर समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता, की तेही धड करता येईना.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले.

"काय, झाला का माझा रॉड?" त्यांनी दारातूनच, नेहमीसारखं बाबांनाच विचारलं.

तिने उत्तर जुळवून ठेवलं होतं. हवा दमट आहे, थर वाळायला वेळ लागतोय. खोटं होतं, पण बाबांचं नाव त्यात येत नव्हतं.

"मला विचारू नका," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही."

डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत, तेव्हा थांबले.

"दोनदा तुम्हाला परत पाठवलं ना, तो खळगा माझ्या अंगठ्याचा होता. मला माहीत नव्हतं. मी हिच्यावर खापर फोडलं. फिनिशिंग ती करते आणि माझ्यापेक्षा चांगलं करते. इथून पुढे जे काय असेल ते तिलाच विचारा. खोली तिची आहे."

हे एक वाक्य ऐकायला तिने जिवाचं रान केलं होतं. आणि आता ते परक्या माणसासमोर, स्टुलावर बसून, कुठेतरी तिसरीकडेच बघत बोललेलं ऐकताना तिला वाटलं, पुरे, बाबा, गप्प बसा.

"उद्या या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "मी देते."

डॉक्टर गेले. मोटर बारीक घरघरत राहिली. बाबांनी घसा साफ केला.

"चकाकतंय का गं?"

वीस वर्षांत त्यांनी तिला या खोलीत काही विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं. हो म्हणून मोकळं व्हावं असं तिला वाटलं. तरी तिने दिवा जवळ ओढला आणि नीट बघितलं.

"चकाकतंय. पण दुसऱ्या कडीपाशी एक बुडबुडा आहे."

"मग बघत काय बसलीस?" बाबा खेकसले. "ऊब दे, फोड की!"

"देते! तुम्ही आधी हात खिशात घाला," ती म्हणाली आणि लायटर पेटवला.