आत्याबाईंचं कनेक्शन

वसुधा सकाळी आठपासून नारायणपेठ नेसून, नथ घालून लॅपटॉपसमोर बसली होती. साडेअकरा वाजले तरी पडद्यावर माधव काही उमटेना. माधव तिचा धाकटा भाऊ. राहतो मेलबर्नला, आणि आज त्याच्या आणि संपदाच्या मुलीचं बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या बसलेली चंदीगडला, सेक्टर 39 मधल्या सरकारी क्वार्टरमध्ये. म्हणून व्हिडिओ कॉल ठरला होता. तिकडे पाळण्याशेजारी लॅपटॉप ठेवायचा आणि आत्याने इथून 'कुर्र' करायचं. नावसुद्धा तिनेच निवडलेलं, प्रज्ञा. तिचे यजमान कृष्णकांतराव सोडले तर ते कुणालाही ठाऊक नव्हतं. मुहूर्त सव्वाबारापर्यंत.

तीन महिन्यांत तिने बाळाचा चेहरा एकदाही नीट पाहिला नव्हता. आज पाहायचाच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

अहो, इंटरनेट बिघडलं तर साधा माणूस काय करतो? कुणाला तरी विचारतो. कृष्णकांतराव साधे नव्हते. ते केंद्र सरकारच्या तांत्रिक खात्यात अधिकारी होते. त्यांनी कोरा कागद घेतला, वर 'विषय : वायरलेस जोडणी नसणेबाबत' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन्सिल कानावर ठेवली. एवढं झाल्यावर निम्मं काम झालं असं त्यांचं मत असे.

"प्रथम पासवर्ड तपासला आहे. तो बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागदावर बरोबरची खूण केली.

पासवर्डचं प्रकरणही त्यांच्याच कृपेने उद्भवलं होतं. दर महिन्याला पासवर्ड बदलावा असं परिपत्रक ऑफिसात निघालं, ते यांनी घरालाही लागू केलं. काल त्यांच्या हुकमावरून लेकीने, ज्ञानदाने, तो बदलला होता, आणि आज सकाळी क्लासच्या परीक्षेला जाताना बूट घालता घालता सांगितलं होतं, "पप्पा, पासवर्ड मेरा नाम और बर्थ इयर। एकदम आसान।" क्लासमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणजे आता ती एकपर्यंत गायब.

"अहो, परत एकदा टाकून बघा ना."

"वसुधा, माझ्या मुलीचं नाव मला येत नाही का?"

लॅपटॉपही महा आगाऊ. पासवर्ड चुकला असं सरळ सांगेल तर शपथ! बराच वेळ गोल गोल फिरायचा आणि 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी' असं साहेबी थाटात कळवायचा.

मग तपास सुरू झाला. राऊटरवर वसुधाने विणलेला क्रोशाचा रुमाल होता, तो आधी आरोपी ठरला. रुमाल काढला, काही होईना. मग स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर संशय गेला, त्याचा प्लग उपटला. मग फ्रिज. "लहरी अडतात," कृष्णकांतराव म्हणाले. शेवटी नथ घातलेली वसुधा उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर घेऊन घरभर हिंडली. बाल्कनीत सिग्नलच्या पाचही काड्या आल्या. न्हाणीघरातही पाच आल्या. भाऊ मात्र कुठेच आला नाही.

"वायर लावू या का?" तिने विचारलं.

कृष्णकांतरावांनी बाल्कनीकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. वायरलेस घेतल्यावर वायर कशाला, म्हणून त्या निळ्या केबलची दोन्ही टोकं छाटून त्यांनी तिच्यावर कारल्याचा वेल चढवला होता. वेल जोरात होता.

हेल्पलाईनवाल्याने हिंदीत सांगितलं, सर, मोडेम बंद करके चालू कीजिए. कृष्णकांतरावांनी त्याला आपला हुद्दा सांगितला. तो म्हणाला, जी सर, फिर भी बंद करके चालू कीजिए. असं चार वेळा झालं. पावणेबारा वाजले.

तेवढ्यात लँडलाईन खणखणली. माधव होता.

"ताई, गुरुजी घाई करताहेत. संपदाची एक मैत्रीण आहे इथे, तिला आत्या म्हणून उभी करू का? तू नाव फोनवर तिच्या कानात सांग, ती बाळाच्या कानात सांगेल."

परक्या बाईच्या तोंडून आपण निवडलेलं नाव! "दहा मिनिटं थांब रे राजा," वसुधा म्हणाली. फोन ठेवला आणि नवऱ्यावर उखडलीच. "तुमचा तो कागद चुलीत घाला! सख्खी आत्या इथे जिवंत बसलीय आणि तिथे भाड्याची उभी राहतेय!"

कृष्णकांतरावांच्या कानावरून पेन्सिल खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

त्याच वेळी कुंपणापलीकडून शेजारच्या भुल्लर आंटींची हाक आली. त्यांचा आवाज असा की त्याला कुठलंच यंत्र लागत नसे. "ओ भाभीजी! ग्यानू आ गई की? मैंने उसके लिए पिन्नी के लड्डू बनाए हैं!"

"नहीं जी, एक बजे आएगी," वसुधा ओरडली. आणि तशीच थांबली. ग्यानू.

लेकीची दुसरीतली एक वही तिच्या डोळ्यांपुढे आली. कव्हरवर गोल इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव तिने तेव्हाच पाहिलं होतं. मुलीच्या बापाला कळलं तर शाळेत जाऊन मराठी उच्चारावर तासभर व्याख्यान देतील, म्हणून ती गप्प बसली होती. तेव्हाची गप्प, ती आजतागायत.

"सरका," ती म्हणाली.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"सरका म्हणते ना!" तिने जी दाबला. मग वाय. एका बोटाने, सावकाश, ग्यानदा, आणि पुढे 1993. लॅपटॉप गोल फिरला आणि जोडला गेला.

"जी?" कृष्णकांतराव म्हणाले. "डी-एन-वाय कुठे गेलं? द्न्यानदा!"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. पडद्यावर माधव, संपदा, त्या मैत्रिणीचा अर्धा खांदा आणि पाळणा दिसू लागला. पाळण्यात एवढंसं तोंड जांभई देत होतं. वसुधाला रडूच कोसळलं. "अगं बाई, नाक आपल्या आईचं घेतलंय गं!" ती म्हणाली. माधवने स्पीकर बाळाच्या कानाशी नेला.

प्रज्ञा. जिभेवर आलेलं नाव तिने तिथेच अडवलं. मेलबर्नच्या शाळेतली कुठली तरी बाई पहिल्या दिवशी त्याचं काय करील, ते तिला लख्ख दिसलं.

"कुर्र," ती म्हणाली. "रेवा."

तिकडे टाळ्या झाल्या. इकडे कृष्णकांतरावांनी कपाळावर हात मारला. "ठरलेलं नाव ऐन वेळी बदललंस? का म्हणून?"

"हे कुणाला मोडता येणार नाही म्हणून."

एक वाजता ज्ञानदा आली. "मम्मी, हो गया? बेबी क्यूट है ना?"

"आधी इकडे ये," कृष्णकांतराव म्हणाले. "तुझ्या नावातला डी कुणी काढला? कधीपासून?"

ज्ञानदाने दप्तर खाली ठेवलं. "पप्पा, फर्स्ट क्लास में मॅम ने काट दिया था। तब से यही है। आपको पता नहीं था?"

"मला कसं पता असणार? मला कुणी कळवलं का?"

पोरगी आत गेली, कपाटातली प्लास्टिकची फाईल आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. पहिली ते नववी, नऊ प्रगतिपुस्तकं. प्रत्येकावर वर इंग्रजीत जी-पासून सुरू होणारं नाव. आणि खाली 'पालकांची सही' या जागी, हिरव्या शाईत, तारखेसकट, कृष्णकांतरावांची सही.

त्यांनी नऊच्या नऊ उलटून पाहिली. सही सगळीकडे बिनचूक होती.