ट्रंकेतल्या भाकऱ्या

१९९८च्या नोव्हेंबरात नाशिकच्या पेठ रोडवरील मुलींच्या एका वसतिगृहात मुंग्या झाल्या. अधीक्षिका संध्या मॅडमनी नेहमीचा उपाय केला: नोटीस लावली. मुंग्यांनी ती वाचली नाही. मॅडमना आवडेल अशी सरळ रांग धरून त्या दहावीतल्या मीनाच्या ट्रंकेकडे जात राहिल्या.

ट्रंक उघडली. कपड्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नऊ भाकऱ्या निघाल्या. दोन तर पाटीसारख्या वाजत होत्या.

"चोरी!" मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वेळा पोटभर मिळतं ना इथं? मग ह्या कशाला?"

मीनानं भाकऱ्या पुन्हा कागदात गुंडाळायला घेतल्या.

मॅडमचा दुसरा उपाय कुलूप. स्वयंपाकघराला ते लागलं, भाकऱ्या मोजून वाढल्या जाऊ लागल्या. "पुन्हा सापडलीस तर नाव कमी!" नाव कमी म्हणजे सुरगाण्याकडच्या पाड्यावर परत. मीनाला नर्स व्हायचं होतं; दहावी बुडाली की तेही बुडालं.

आठ दिवसांनी मीना सराव परीक्षेत बाकावरच कोसळली. "पोटात अन्न नाही," डॉक्टर म्हणाले. अन्न ट्रंकेत होतं. चोरता येईना म्हणून पोरगी आपल्याच ताटातलं उचलून ठेवत होती.

मॅडमनी नाव कमी करण्याचं पत्र लिहायला घेतलं, तशी स्वयंपाकीण चतुराबाई पिठाच्या हातांनी ऑफिसात शिरली.

"मॅडम, बापाला काय लिवणार? पोरगी भाकर खाती म्हणून, का खात नाय म्हणून?"

"चतुराबाई, हा शिस्तीचा प्रश्न आहे."

"शिस्त लय हाय तिच्यात. कुठं शिकली, इचारलं का कधी?"

विचारलं नव्हतं. प्रवेशाच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

मग चतुराबाईनं मीनाकडून ऐकलेलं सांगितलं. मीना सात वर्षांची असताना आईबाप दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला गेले. घरात ती, धाकटा भाऊ आणि कणगीभर नागली, म्हणजे नाचणी. होळीला येणारे आईबाप आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तरी परतले नाहीत. कणगीचा तळ दिसला. ते येईपर्यंतचे शेवटचे चार दिवस पोरीनं एका भाकरीचे तुकडे भावाला पुरवले.

"भाऊ वाचला, समदे खूश! पोरीच्या मनाचं काय झालं, कोणी बघितलं नाय."

"पण त्याला नऊ वर्षं झाली! आता अन्न आहे ना?"

"हाय की. पण उद्या बी असंल, हे तिला कोण सांगणार? तुम्ही तर कुलूप घातलं!"

मॅडमचा हात कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला आणि तिथंच थांबला. अरे देवा! पोर नऊ वर्षं ज्याला भीत होती, नेमकं तेच आपण करून दाखवलं!

पत्र फाटलं, कुलूप निघालं. स्वयंपाकघराच्या फळीवर एक डबा आला. त्यात कायम चार भाकऱ्या. कुणीही, केव्हाही घ्याव्यात. तो भरायचं काम मीनाकडे. शिवाय मॅडम रोज दहा मिनिटं तिच्याशी बोलू लागल्या. सवय नसल्यानं पहिले तीन दिवस मुंग्यांविषयीच बोलल्या. चौथ्या दिवशी मीना आपणहून भावाविषयी बोलली. पहिला आठवडा डबा सकाळी रिकामा असे. नाताळाच्या सुमारास दोन उरू लागल्या. जानेवारीत चारही.

दहावीची परीक्षा संपली. घरी निघताना नियमाप्रमाणे ट्रंक तपासली. पुस्तकं, दोन ड्रेस आणि एक ताजी भाकरी.

"ही गं कशाला?"

"एसटीत खायला, मॅडम. घाटात बंद पडती ती."

मॅडमनी भाकरीवर ठेचा घातला.

वाचकहो, लहानपणी सोसलं की पोर घट्ट होतं, असं आपण छाती फुगवून सांगतो. नुसतं सोसून पोर घट्ट होत नाही, आतल्या आत धास्तावतं. सोसल्यावर कुणी रोज, न चुकता पाठीशी उभं राहिलं, की मग ते घट्ट होतं. तेव्हा घरातलं, शाळेतलं वाढतं मूल विचित्र वागलं, तर शिक्षा ठरवण्याआधी एवढंच विचारा: बाळा, हे कुठं शिकलास? आणि उत्तर ऐकायला बसा. फॉर्मवर तो रकाना अजून आलेला नाही.