तुम्हाला नाही, बाबा

अश्लेषाला फोनशी बोलायची खोडच लागली होती. टाइप करत बसायला वेळ कुणाकडे आहे? एका हाताने तव्यावरची पोळी उलटायची, ओट्याला टेकवून ठेवलेल्या फोनला विचारायचं, "आज भाजी काय करू? घरात वांगी, मेथी आणि अर्धा कोबी आहे," की उत्तर हजर. मिहानमधल्या तिच्या ऑफिसचे मेल तोच लिहून द्यायचा. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडायचं असलं तर सभ्य भाषेत तोच भांडून द्यायचा. नणंदेच्या वाढदिवसाच्या चार गोड ओळीही त्याच्याच. नणंद म्हणाली, वहिनी, तू किती छान लिहायला लागलीस. अश्लेषाने ते कौतुक आपल्याच नावावर ठेवून घेतलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिचे वडील, चंपतराव, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे मनीषनगरच्या फ्लॅटवर येऊन राहिले. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्यातही जाळं होतंच, वर काळा चष्मा. म्हणजे माणूस जवळजवळ आंधळाच. आणि आंधळ्या माणसाला काय कळणार की पोरगी फोनशी बोलतेय की आपल्याशी? ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आज भाजी काय करू?" आणि गॅलरीतून उत्तर यायचं, "वांगं कर वं. पण तेल टाक जरा हात मोकळा सोडून."

"तुम्हाला नाही, बाबा. फोनला विचारतेय."

"बरं बरं."

असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. एकदा त्यांनी विचारलं, "हा जो तुह्या फोनमधला हाये, हा पैसे किती घेते?"

"फुकट आहे, बाबा."

"फुकट तं मी बी बसलो हावो," चंपतराव म्हणाले आणि हसले. तीही हसली. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला.

चंपतरावांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग. ऑपरेशनला त्यांनी हेच दिवस का निवडले, तर हे ताणाचे दिवस. थंडीत संत्र्याच्या झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड तहानेने कासावीस होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, पाहणाऱ्याचा जीव तुटतो, तरी पाणी द्यायचं नाही. मग बागवाला ठरवतो तो दिवस येतो, पाणी सुटतं आणि झाड फांदीन् फांदी फुलून येतं. पण तो दिवस चुकला, पाणी आधीच गेलं, तर झाड नुसतं पाल्यावर जातं. वर्षाची फळं गेली समजा. तोवर बागेत करण्यासारखं काही नसतं, म्हणून चंपतराव डोळा करायला निघाले होते. म्हणजे शरीराने निघाले होते. मन तिथेच, विहिरीच्या काठावर बसलेलं.

त्यामुळे हा माणूस एका जागी बसेना. गॅलरीतून हॉल, हॉलमधून गॅलरी, भिंतीला हात लावत लावत नुसत्या येरझाऱ्या. बागेवर राहणारा सालदार कवडू रोज अश्लेषाच्या फोनवर फोटो पाठवायचा. फोटो आल्याचा आवाज झाला की चंपतराव विचारायचे, "सांग वं, कशी दिसून राहिली पानं?"

"छान आहेत, बाबा."

न पाहताच सांगायची. खरं सांगायचं तर फोटो उघडायचीसुद्धा नाही. कसं सांगावं या बाईला? बागेत वाढलेली पोर, पण दहावीनंतर होस्टेल, मग नोकरी, मग लग्न. बाग म्हणजे तिच्या लेखी मोसमात घरी येणारी संत्र्यांची पेटी. ताण हा शब्द बाबांच्या तोंडून तिने येता-जाता ऐकला होता, पण हल्ली तिच्या कानात काही थांबतच नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिने फोटो उघडला. पियुष, तिचा नवरा, हैदराबादला गेलेला. ती घरूनच काम करत होती. एक मीटिंग रद्द झाली, हात रिकामा राहिला, म्हणून उघडला. पाहते तर काय, पानं वळून गेलेली, पिवळट, बुंध्याभोवती गळालेल्या पानांचा सडा. तिला आधी कवडूचाच राग आला. मालक इकडे काळा चष्मा लावून बसलाय आणि हा तिकडे झाडं वाळवतोय. मग भीती वाटली ती बाबांची. त्यांना सांगितलं तर डोळ्यात थेंब असतानाच एसटी पकडायला निघतील. डॉक्टरने धुळीत जायचं नाही, जिवाला त्रास करून घ्यायचा नाही म्हणून बजावलेलं.

म्हणून एरवी मोठ्यांदा बोलणारी ही बाई बेडरूममध्ये गेली, दार लोटलं आणि आवाज न करता टाइप करायला लागली. संत्र्याची पानं सुकली आहेत, पिवळी पडून गळत आहेत, काय करू? सोबत फोटो. उत्तर आलं, झाडांना पाण्याची कमतरता दिसते, मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर पाणी द्या. पुढे अजून बरंच काही होतं. तिने तेवढंच वाचलं. त्याच्याकडूनच कवडूसाठी दोन ओळींचा निरोप लिहून घेतला, "बागेला आजच पाणी सुरू करावे," आणि पाठवून दिला.

कवडूचं उत्तर आलं, "हो ताई. लाइन आली का मोटर लावतो." तो का शंका घेईल? या फोनवरून आजवर गेलेला प्रत्येक शब्द मालकाचाच होता. अश्लेषाला बरं वाटलं. बाबांच्या जिवाला घोर न लावता आपण एक काम मार्गी लावलं, या खुशीत तिने वरणाला फोडणी दिली.

जेवताना चंपतराव चाचपडत भाताचा घास करत म्हणाले, "यंदा ताण लय चांगला बसून राहिला वं. संक्रांत झाली का मी गावाले जातो. नारळ फोडतो, अन् पहिलं पाणी मीच सोडतो. तुही आई होती तवा तिच्या हातानं बटन दाबत होतो. आता मीच दाबतो."

अश्लेषाने उचललेला घास ताटात परत ठेवला.

"बाबा, ताण चालू असताना पाणी गेलं तर?"

"जाईनच कसं? मोटरले कोणी हात नाही लावत मी सांगतल्याशिवाय."

ती उठली. हात धुतले न धुतले, बेडरूममध्ये जाऊन फोन हातात घेतला. घाईघाईत टाइप केलं, चुकून पाणी सोडलं तर काय होईल. उत्तराच्या जागी ओळ आली, मोफत मर्यादा संपली आहे, काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा. सकाळपासून भाज्या आणि मेल विचारून संपवली होती तिनेच. मग ती वर सरकवत गेली. सकाळच्या उत्तराच्या तळाशी, तिने न वाचलेल्या भागात, लिहिलं होतं, तुमच्या भागात बहरासाठी मुद्दाम पाणी तोडतात, तसं असेल तर पाणी देऊ नका, बाग सांभाळणाऱ्या व्यक्तीला आधी विचारा.

बाग सांभाळणारी व्यक्ती भिंतीपलीकडे ताक पीत होती.

तिने कवडूला फोन लावला. नॉट रीचेबल. पुन्हा लावला. विहिरीकडे रेंज नसते, हे तिला लहानपणापासून माहीत. मेसेज टाकला, त्यावर एकच खूण. मोटारसायकल काढावी? नरखेडला पोचेपर्यंत संध्याकाळ. आता ती चालायला लागली. बेडरूम ते हॉल, हॉल ते स्वयंपाकघर, फोन कानाला, पायातली चप्पल फरशीवर फटफट वाजतेय. आणि चंपतराव मात्र आज खुर्चीत शांत बसून तो आवाज ऐकत होते.

"बाबा, तिकडे लाइन कधी येते हो?"

"या हप्त्यात दुपारची हाये. आली असंन आता. काहून?"

"काही नाही."

"काही नाही तं तू काहून अशी फिरून राहिली? बस ना."

बसवेना. उभं राहवेना. सांगावं तर बाबांचा डोळा, न सांगावं तर बाबांचं वर्ष. शेवटी तिने त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं. फोटो, तो फुकटचा सल्ला, निरोप, कवडूची मोटर. सांगताना तिला रडू फुटलं, पण तिने वाक्य मध्ये तोडलं नाही.

चंपतराव ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "फोन लाव. आनंदरावले."

आनंदराव म्हणजे शेजारच्या बागेचा मालक. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं भांडण झालं होतं, तेव्हापासून एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नव्हते. अश्लेषा बघतच राहिली. "नंबर?"

चंपतरावांनी सगळा नंबर तोंडपाठ सांगितला. बोलणं बंद होतं, नंबर विसरले नव्हते.

"आनंदराव, मी चंपत बोलून राहिलो. ऐक गा. माह्या बागेत मोटर चालू हाये. ताण तुटून राहिला. जा अन् बंद कर." पलीकडून काय आलं ते तिला ऐकू गेलं नाही. चंपतराव एवढंच म्हणाले, "मंग पाहू ते. आधी जा."

नंतर दोघंही थांबले. खाली सोसायटीच्या गेटपाशी भाजीवाल्याची गाडी ओरडून गेली. चंपतरावांचा अंगठा खुर्चीच्या हातावर नुसता घासत होता. अश्लेषा फोनच्या काचेकडे बघत होती, काच काळी पडली की बोट लावून जागी करत होती. फोन वाजला तेव्हा दोघांनीही हात पुढे केला.

मोटर बंद झाली होती. वरच्या अंगाच्या ओळी भिजल्या होत्या, खालच्या अंगाला पाणी पोचलं नव्हतं. अर्धी बाग वाचली. अर्धीचं काय होईल, ते आनंदरावही सांगू शकत नव्हते.

"चूक झाली, बाबा," ती म्हणाली.

"झाली." चंपतरावांनी मान हलवली. दुखलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "मी म्हणतो, दिवसभर तू त्याच्याशी मोठ्यानं बोलते. मीठ किती, साबण कोणता, सगळं मले ऐकू येते. मी मंधात बोलतो, तू म्हणते तुम्हाला नाही. मंग हे एवढंच काहून चूपचाप विचारलं?"

"तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून."

"मी दाराच्या इकडेच होतो वं. मोठ्यानं विचारलं असतं तं सवयीनं तोंडातून निघून गेलं असतं माह्या. नको देऊ म्हणून."

तेवढ्यात फोनने टिंग केलं. मर्यादा पुन्हा सुरू झाली होती, विचारा म्हणत होता. तिने तो उपडा टीपॉयवर ठेवला आणि खुर्चीपाशी सरकली.

"आता त्या भिजलेल्या झाडांचं काय करायचं?"

चंपतरावांनी काळ्या चष्म्यासकट तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. ओठ उघडले आणि पुन्हा मिटले.

"मले विचारून राहिली?" त्यांनी हळूच विचारलं.