बिनआवाजाचं बटण

वायरमनने नव्या बटणावर बोट टेकवलं आणि बाथरूममधूनच हाक दिली,

"बाई, आलं का ऐकू?"

"अहो, दाबाल तेव्हा येईल ना!"

"चांगलं चारदा दाबलं."

उशीवर डोकं ठेवून परीक्षा घेणारी ती खुशीत उठून बसली. जुना खटका तिच्या उशामागच्याच भिंतीत, बाथरूमच्या बाजूने होता. दाबला की कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखा खाडकन आवाज व्हायचा. ती रात्रपाळीची नर्स. सकाळी येऊन, जाड पडदे ओढून ती पडायची आणि नेमकी तीच नवऱ्याची दाढीची वेळ. तिची झोप मोडू नये म्हणून हल्ली तो दिवा न लावताच दाढी करायचा. बाथरूमला खिडकी नाही. रोज हनुवटीवर एखादी नवी चीर.

"अंधारात दुसरं काय होणार?" तो म्हणायचा.

तिला ते पटायचं, कारण पटवून घ्यायची तिलाच घाई होती. त्याचं तसबिरींचं दुकान. उभा जन्म काच कापण्यात गेलेला. आणि थरथरणारे हात तिने वॉर्डात कमी पाहिले नव्हते. तो विचार आला की ती तो झटकून टाकायची. मग ती खटक्याच्या मागे लागायची. त्यावर स्पंज चिकटवून झाला, रबर लावून झालं. शेवटी हे मऊ बटण मिळालं.

"झकास," नवरा म्हणाला. "तुझी झोप आणि माझी दाढी, दोघींचं भांडण मिटलं."

पहिल्या सकाळी दाराखाली उजेडाची पट्टी दिसली. संध्याकाळी त्याच्या गालावर दोन चिरा होत्या.

"नवं ब्लेड. जरा जास्तच धारदार निघालं."

"असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी नळ वाहिल्याचं ऐकू आलं, पण दाराखाली उजेड नव्हता. ती पडून राहिली. बटण बिघडलेलं असू दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. मग तिने उठून दार लोटलं, आत हात घालून बटण दाबलं.

दिवा लागला.

तोंडाला फेस लावून तो आरशाकडे पाठ करून उभा होता. वस्तऱ्याचा हात त्याने दुसऱ्या हाताने मनगटाशी धरला होता.

"आवाज झाला का?"

"नाही."

"उजेडात दिसतो," तो हाताकडे न पाहता म्हणाला. "दिसला की जास्तच थरथरतो."

"आणि दुकानात?"

"काच हल्ली कापूनच आणतो."

तिने स्टूल पुढे ओढलं, त्याला बसवलं आणि वस्तरा काढून घेतला. ऑपरेशनआधी तिने कितीतरी पुरुषांच्या दाढ्या केल्या होत्या. नवऱ्याची कधीच नाही.

"हनुवटी वर करा."

त्याने केली.

"आणि तुझी झोप?"

"डॉक्टरांकडे जाऊन आलो की झोपेन," ती म्हणाली. "आता बोलू नका, लागेल."