बार्बराचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. तुमच्याकडे बारशाला टांगतात तसा नव्हे. मी जमिनीवरच असतो, तळाच्या दोन बाकदार पट्ट्यांवर डुलतो. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एका गावात पीटरने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. तो मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचा होता. या लोकांना शस्त्र उचलणे मान्य नव्हते, म्हणून राजाला हे लोक मान्य नव्हते. शेवटी पीटर, त्याची बायको मारिया, तान्ही बार्बरा आणि मारियाची धाकटी बहीण एल्सा होडीने हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदरात आले. तिथून अमेरिकेचे जहाज सुटायचे होते.

जहाजावर मला जागा मिळाली नाही. एल्साची तर समुद्र पाहूनच पाचावर धारण बसली. ती मागे राहिली आणि मीही. त्या सकाळी बार्बरा तापाने फणफणली होती. मारियाने तिला उचलून नेले, तरी माझ्यातली गादी कितीतरी वेळ गरम होती. पुढे काहीच निरोप आला नाही. पोर वाचली की नाही, हा घोर मला तेव्हापासून लागला.

एल्सा तिथूनच जवळ, डेल्फ्टला सासरी गेली. तिची मुले, नातवंडे, पतवंडे मी जोजवली, फार कौतुक करून घेतले. मग घरात मुले कमी होत गेली. योहाना ही त्या घराण्यातली शेवटची. महामारी आली तेव्हा मी जिन्याखाली पडून होतो आणि माझ्यात टॉयलेट पेपरचे रोल रचलेले होते. यावर मी काय बोलावे?

वरच्या मजल्यावर निशिगंधा भाड्याने राहत होती. मूळची नागपूरची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. टाळेबंदीत ती वरच्या पायरीवर आणि योहाना खाली खुर्चीत, अशी दोघींची रोज कॉफी होई. निशिगंधा तिला ओमा म्हणे, म्हणजे इथल्या भाषेत आजी. योहाना कॉफीबरोबर बिस्कीट एकच देई, तशी इथली रीतच आहे. निशिगंधा मात्र पोह्यांची ताटली शिगोशीग भरून पायरीवर ठेवी.

योहानाच्या मैत्रिणी एकेक करून जात होत्या आणि तिला शेवटचे भेटताही येत नव्हते. एकदा तिने बार्बराची गोष्ट सांगितली. म्हणाली, माझ्यामागे कोणी नाही, पण समुद्रापलीकडे आपले कोणी आहे का, एवढे कळले तरी बरे वाटेल.

निशिगंधा लॅपटॉप घेऊन मागेच लागली. पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट मंडळींच्या जुन्या नोंदी तिने पालथ्या घातल्या. पीटर सापडला, मारिया सापडली. मग एके दिवशी ती पायरीवर येऊन बसली, पण कॉफीला हात लावेना.

"ओमा, जहाज पोचलं त्या वर्षीचे आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचे सगळे बाप्तिस्मे बघितले. बार्बरा नाहीये."

मी आतून चिरलो. योहाना मात्र हसू लागली.

"अगं, आमच्यात बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. मोठं झाल्यावर, समजून-उमजून ज्याचा त्याने घ्यायचा. त्यापायी तर आमच्या लोकांनी किती सोसलं."

निशिगंधाने कपाळावर हात मारून घेतला. "आणि हे मला सुचू नये? माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा ते दोन मुलांचे बाप होते."

ती धावतच वर गेली. वीसेक वर्षे पुढच्या नोंदींत पीटरची मुलगी बार्बरा होती. पुढे तिचे लग्न होते, मुले होती. त्या धाग्याने शोधत शोधत निशिगंधा बार्बराच्या वंशातल्या रूथपर्यंत पोचली. एका दुपारी रूथ लॅपटॉपच्या पडद्यावर आली. पिकलेले केस, आणि हनुवटी थेट योहानाची. योहानाने मला ओढून कॅमेऱ्यासमोर आणले.

रूथने पडद्याजवळ वाकून मला नीट पाहिले. मग म्हणाली, "आमच्या घरी सांगतात, पाळणा मागे राहिला, म्हणून मारियाने बार्बराला अख्खा समुद्र पार होईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलंच नाही. म्हणूनच ती जगली."

मित्रांनो, आपण तिच्यासोबत गेलो नाही, याचे मी इतकी वर्षे दुःख केले. योहानाने माझ्या कडेवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "पोचली रे आपली पोर."

तुमच्या घरीही माळ्यावर माझ्यासारखे कोणीतरी असेल. त्याला खाली काढा, धूळ पुसा. पण त्याआधी, सांगणारे माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, यात कोण झोपत होते? आम्हा लाकडांना सगळे आठवते, पण बोलता येत नाही.