एका काडीची बचत

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो आगीमुळे, आणि पेटवलेली आग राखणं हीच खरी संस्कृती. आमच्या ढाक्यात, मिरपूरच्या गल्लीत, ही संस्कृती एकदा गॅसच्या शेगडीवर पेटली की रात्रीसुद्धा विझवत नाहीत. गॅसचं बिल महिन्याचं ठरलेलं, जाळा नाहीतर नका जाळू. काडीपेटी मात्र विकत आणावी लागते.

आमच्या मजल्यावरचे तोफाज्जलभाई विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे संकटांची त्यांना आवड. वीज जाईल म्हणून खोलीखोलीत मेणबत्ती. टॉर्च हरवू नये म्हणून कपाटात, कुलपात. थंडी-डास नकोत म्हणून खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलेला. गॅस गळाला तर काय करायचं, हे तर ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. हसनाभाभी मान डोलवत आणि पेटत्या शेगडीवर नातवाची लंगोटी वाळत घालत.

पौषात कधीकधी दुपारी गॅस जातो, संध्याकाळी येतो. त्या दिवशी तिन्हीसांजेला वीजही गेली. तोफाज्जलभाई मफलर गुंडाळून, चोंदलेल्या नाकाने माझ्या दारात. हातात मेणबत्ती.

"बदरुलभाई, काडी द्या जरा. कपाटाची किल्ली अंधारात सापडेना."

"एवढ्या मेणबत्त्या, आणि घरात काडी नाही?"

"कशाला लागते? शेगडी पेटलेली असतेच की. पण आत्ता बघतो तर तीही विझलेली."

शेजारधर्म म्हणून मी काडी काढली, त्यांच्या हातातच मेणबत्ती पेटवून देणार, तेवढ्यात आतून बायको ओरडली, "अहो, गॅस कधीचा आलाय!"

मी काडी पेटीत परत ठेवली. "भाभी कुठे आहेत?"

"स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. डोकं दुखतंय म्हणून पडल्यात." एवढं बोलून त्यांनी नाक ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बदरुलभाई, मला वास येत नाही हो."

मला त्यांच्या दारातच आला. चाचपडत जाऊन मी शेगडीचं उघडंच राहिलेलं बटण बंद केलं, कागद फाडून खिडक्या उघडल्या. वीज परत आली तर ठिणगी नको म्हणून बायको खाली जाऊन त्यांचा मेन स्विच पाडून आली. भाभी दोन हाकांना उठल्या नाहीत. चाळीस वर्षं "मीनूची आई" म्हणणाऱ्या तोफाज्जलभाईंनी माझ्यादेखत पहिल्यांदा नाव घेतलं.

"हसना! ए हसना!"

"ओरडता काय नावाने? लोक ऐकतील," भाभी पुटपुटल्या.

त्यांना धरून जिन्यात आणलं. शेजारीपाजारी जमले. भाभींचा श्वास नीट चालू लागला, तसा तोफाज्जलभाईंना कंठ फुटला.

"पाहिलंत? याला म्हणतात तयारी! घरात काडीच नव्हती, म्हणून वाचलो!"

भाभींनी पदर सावरला.

"बदरुलभाई, सगळा वास गेला की एक काडी द्याल? भात राहिलाय. एकच पुरे, पुन्हा नाही मागणार. आता विझूच देणार नाही."