दिवसाच्या भोंग्याला सहा माणसं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हॅम्बुर्गजवळच्या एलरहूड गावात आगीचा भोंगा वाजला. एका गॅरेजला आग लागली होती. अग्निशमन केंद्रावर चार स्वयंसेवक धावत आले. बंब बाहेर काढायला सहा लागतात. चौघे दार उघडून वाट बघत राहिले. आग शेवटी शेजारच्या गावाच्या बंबाने विझवली. कोणी जखमी झालं नाही. गॅरेज उरलं नाही.

संध्याकाळी केंद्रात बैठक झाली. नगराध्यक्षा म्हणाल्या, "ऑक्टोबरपर्यंत दिवसा येणारी सहा माणसं दाखवा. नाहीतर हे केंद्र बंद होणार."

दलप्रमुख हिनरिक ल्यूडर्स उठला. "माझा बाप भोंगा ऐकला की नांगर सोडून यायचा. गावात माणसं चारशे, पण बंबावर बसायला जागा नसायची. आता त्या शेतात घरांच्या रांगा आहेत, माणसं पाच हजार, आणि सकाळची गाडी हॅम्बुर्गला गेली की मागे मांजरं उरतात."

"मी असते की घरी," मागून आवाज आला. नव्या वस्तीतली टिल्डा क्वास्ट, कडेवर बाळ. ती घरूनच काम करायची. भोंग्याने बाळ उठतं अशी दोनदा तक्रार केलेली तीच.

"आता भोंग्याला उशी बांधा म्हणतील," बेकरीवाला डेटलेफ पुटपुटला.

"मला कधी कोणी विचारलंच नाही," टिल्डा म्हणाली.

"कसं विचारणार, क्वास्टबाई?" हिनरिक म्हणाला. "तुमची बेल वाजवायचीही भीती."

"झोपमोड व्हायचीच आहे, तर निदान बंबात तरी बसते."

"आणि हा?" हिनरिकने बाळाकडे पाहिलं.

डेटलेफची आई गेसा सगळ्यांना कॉफी देत होती. तिने किटली खाली ठेवली. "भोंगा वाजला की माझ्याकडे सोड. तुझ्याच गल्लीत राहते मी. चार पोरं वाढवलीत. एकच बिघडलं, ते हे बसलंय."

डेटलेफने कॉफीत डोकं घातलं.

टिल्डा उन्हाळाभर दर शनिवारी प्रशिक्षणाला गेली आणि गेल्या आठवड्यात परीक्षा पास झाली. दिवसाच्या तुकडीत आता पाच जण आहेत. सहावं म्हणून औषधाच्या दुकानातल्या यानिस कोवोलने काल स्वतःचं नाव दिलं. आधीच्या गावी तो दलातच होता. त्याची वैद्यकीय तपासणी सोमवारी आहे.